तपासनीस बदलतो तेव्हा : ‘सेलेनियम’च्या आवृत्त्यांची कहाणी

महाड (प्रतिनिधी) – दहावी-बारावीचे निकाल लागले की महाड आणि पोलादपूरच्या बाजारपेठेतील सेवा केंद्रांपुढे विद्यार्थ्यांची आणि पालकांची गर्दी होते. प्रवेश अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती असे सारे काही आता संकेतस्थळावरच भरावे लागते. दिवस पावसाचे असतात, विजेचा आणि नेटवर्कचा भरवसा नसतो. अशा वेळी सगळे रकाने भरून झाल्यावर शेवटचे बटण दाबले आणि अर्ज पुढे सरकलाच नाही, तर डोंगरातल्या वाडीवरून आलेल्या मुलाचा अख्खा दिवस आणि एसटीचे भाडे वाया जाते. हे बटण चालते की नाही, हे संकेतस्थळ लोकांसाठी खुले करण्यापूर्वी कोणीतरी तपासले असेल, असे आपण गृहीत धरतो. ते कोण तपासते आणि कशाने तपासते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. महाडहून मुंबईच्या दिशेने निघाले की माणगाव तालुक्यात लोणेरे लागते. तेथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. येथून आणि कोकणातील इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारे तरुण पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत जातात, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला पहिले काम येते ते ‘टेस्टिंग’चे, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली तपासण्याचे. या कामासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनांत ‘सेलेनियम’ या मुक्तस्रोत साधनाचे नाव अग्रभागी आहे. २००४ पासून आजवर या साधनाने अनेक रूपे पालटली. प्रत्येक वेळी काही जुन्या चाचण्या मोडल्या आणि त्या दुरुस्त करण्यात टेस्टर मंडळींचे दिवस आणि रात्री गेल्या. हे बदल का झाले आणि त्यातून काय शिकावे, हे समजून घेणे या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्याही उपयोगाचे आहे.

यंत्राच्या हाती तपासणी

एखाद्या अर्जाचे संकेतस्थळ हाताने तपासायचे म्हटले तर माणसाला ते उघडून प्रत्येक रकाना भरून पाहावा लागतो. जन्मतारीख रिकामी ठेवली तर सूचना येते का, मोबाइल क्रमांकात नऊच आकडे टाकले तर अर्ज अडवला जातो का, छायाचित्र मोठे असेल तर काय होते, असे शेकडो प्रश्न असतात. एकदा तपासून काम संपले असते तर गोष्ट वेगळी होती. पण संकेतस्थळात एक लहानसा बदल केला तरी आधी नीट चालणारी दुसरीच गोष्ट बिघडू शकते. म्हणून प्रत्येक बदलानंतर सर्व काही पुन्हा तपासणे आले. हे काम माणूस कंटाळून अर्धवट सोडतो. यंत्राला कंटाळा येत नाही.

सेलेनियम नेमके हेच काम करते. टेस्टर एकदा सूचना लिहून ठेवतो : ब्राउझर उघड, अमुक पत्त्यावर जा, ‘नाव’ या रकान्यात हे शब्द टाइप कर, हे बटण दाब, आणि पुढच्या पानावर ‘अर्ज स्वीकारला’ असे शब्द दिसतात का ते पाहा. मग त्या सूचनांप्रमाणे ब्राउझर आपोआप चालू लागतो. कोणी अदृश्य माणूस समोर बसून माऊस हलवतो आहे असे वाटावे, असे ते दृश्य असते. अपेक्षित शब्द दिसले तर चाचणी उत्तीर्ण, म्हणजे ‘हिरवी’. न दिसल्यास ‘लाल’.

या सूचना लिहिण्यासाठी लागणाऱ्या तयार आज्ञांचा संग्रह म्हणजे ‘लायब्ररी’. पुस्तकांच्या ग्रंथालयाशी तिचा संबंध नामापुरताच. जावा, पायथन, सी शार्प, रुबी, जावास्क्रिप्ट अशा वेगवेगळ्या भाषांसाठी सेलेनियमच्या लायब्ररी उपलब्ध आहेत. त्या मुक्तस्रोत असल्याने कोणालाही विनामूल्य वापरता येतात, आतील रचना वाचता येते आणि सुधारणाही सुचवता येतात.

विषावरचा उतारा

२००४ साली अमेरिकेतील शिकागो येथे थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स हे अभियंते कंपनीच्याच अंतर्गत वापराची, कामाचे तास आणि खर्च नोंदवण्याची प्रणाली तपासत होते. तीच तीच तपासणी हाताने करण्याचा कंटाळा आल्याने त्यांनी जावास्क्रिप्टमध्ये एक छोटे साधन लिहिले. पुढे ते सर्वांसाठी खुले झाले. याच थॉटवर्क्सचे कार्यालय पुण्यातही आहे.

नावाची गंमत अशी, की त्या काळी चाचणी-साधनांच्या बाजारात ‘मर्क्युरी’ या कंपनीचा दबदबा होता. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हे मूलद्रव्य उतारा मानले जाते. या थट्टेतून पडलेले नाव कायम झाले. मर्क्युरी कंपनी २००६ मध्ये एचपीने विकत घेतली. थट्टेतले नाव मात्र टिकून राहिले.

पहिल्या सेलेनियमपुढे एक भिंत होती. एका संकेतस्थळावरून आलेल्या आज्ञावलीने दुसऱ्या संकेतस्थळाच्या पानात हात घालू नये, असा ब्राउझरचा सुरक्षेचा नियम आहे. आपल्या बँकेच्या पानावरील माहिती दुसऱ्या भलत्याच पानाने वाचू नये यासाठी तो आवश्यकच आहे. पण चाचणीच्या आज्ञावलीलाही तो अडवत होता. यावर पॉल हॅमंट यांनी तोडगा काढला. ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यामध्ये एक मध्यस्थ बसवायचा आणि सारे काही एकाच ठिकाणाहून आले आहे अशी ब्राउझरची समजूत करून द्यायची. हे रूप ‘सेलेनियम आरसी’ म्हणून ओळखले गेले. ते चालले, परंतु मुळात ती फसवणूक होती आणि ब्राउझर जसजसे अधिक काटेकोर होत गेले तसतशी ती अवघड होत गेली.

दरम्यान सायमन स्टुअर्ट यांनी ‘वेबड्रायव्हर’ हे वेगळे साधन लिहिले. पानाच्या आत शिरून हालचाल करण्याऐवजी ब्राउझरलाच बाहेरून, त्याच्या स्वतःच्या मार्गाने आज्ञा द्यायच्या, असा त्याचा विचार होता. २००९ मध्ये दोन्ही प्रकल्प एकत्र आणण्याचे ठरले आणि जुलै २०११ मध्ये सेलेनियमची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली.

जुने आणि नवे शेजारी-शेजारी

दुसऱ्या आवृत्तीत जुनी आरसी आणि नवी वेबड्रायव्हर अशा दोन्ही पद्धती एकाच पेटीत होत्या. ज्यांच्या हजारो चाचण्या जुन्या पद्धतीने लिहिलेल्या होत्या, त्यांना त्या लगेच फेकून देणे परवडणारे नव्हते. म्हणून नवा मार्ग उघडला, पण जुना लगेच बंद केला नाही. ‘हा मार्ग पुढे बंद होणार आहे, नव्याकडे वळा’ अशी सूचना लावून ठेवली. पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीतून जुन्या पद्धतीचा गाभा काढून टाकला गेला. ज्यांनी सूचना वाचून आधीच वेबड्रायव्हरचा अवलंब केला होता, त्यांना फारशी झळ पोहोचली नाही. ज्यांनी पाच वर्षे ‘चालते आहे ना’ म्हणून दुर्लक्ष केले, त्यांना घाईने सर्व काही पुन्हा मांडावे लागले.

त्याच २०१६ सालच्या २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्यांसह वाहने नदीत कोसळली. शेजारीच नवा पूल होता, तरीही जुन्यावरून वाहतूक चालू होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तेव्हा धोका आढळला नव्हता, असे शासनाकडून त्या वेळी सांगण्यात आले. पुढे १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये तो खुला झाला. माणसांचे प्राण घेणाऱ्या त्या दुर्घटनेची संगणकाच्या आज्ञावलीशी बरोबरी करणे योग्य होणार नाही. पण ‘तपासले आहे’ या दोन शब्दांवर किती विसंबावे, हा प्रश्न महाड-पोलादपूरकरांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. उन्हाळ्यात केलेली पाहणी उन्हाळ्यातील पुलाबद्दल सांगते. पुरात पुलाचे काय होईल हे ती सांगेलच असे नाही. चाचणीचेही तसेच आहे. हिरवी चाचणी एवढेच सांगते, की जे विचारले त्याचे उत्तर बरोबर आले. जे विचारलेच नाही, त्याबद्दल ती मौन पाळते.

ब्राउझरने वाट बदलली

सेलेनियमच्या चाचण्या मोडण्याचे कारण दर वेळी सेलेनियम असतेच असे नाही. २०१६ मध्ये फायरफॉक्सने आपली सुरक्षा कडक केली. ऑगस्टमधील ४८ व्या आवृत्तीपासून, ब्राउझरच्या आत बसून काम करणारा सेलेनियमचा जुना ‘ड्रायव्हर’ चालेनासा झाला. त्याच्या जागी मोझिलाने स्वतः तयार केलेला ‘गेकोड्रायव्हर’ घ्यावा लागला. पुढील वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, फायरफॉक्सच्या ५५ व्या आवृत्तीबरोबर ‘सेलेनियम आयडीई’ हे लोकप्रिय साधनही बंद पडले. जपानचे शिन्या कासातानी यांनी लिहिलेले हे साधन २००६ पासून सेलेनियमच्या परिवारात होते. माणसाने ब्राउझरमध्ये केलेल्या क्रिया ते नोंदवून ठेवी आणि पुन्हा तशाच करून दाखवी. संगणकाची भाषा न शिकताही चाचणी तयार करता येत असल्याने नवख्यांना त्याचा मोठा आधार होता. पुढे ते नव्याने लिहिण्यात आले. पण मधल्या काळात ज्यांचे सारे काम त्यावर होते, त्यांची चांगलीच पंचाईत झाली.

या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट झाली. ब्राउझर बनवणारा एक, त्याला चालवणारे साधन लिहिणारा दुसरा आणि दोघांत कोणताही लेखी करार नाही, अशी स्थिती फार काळ चालणार नव्हती. त्यामुळे ब्राउझरला बाहेरून आज्ञा कशा द्यायच्या याचे नियम ठरवण्याचे काम वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या ‘डब्ल्यूथ्रीसी’ या जागतिक संस्थेत हाती घेतले गेले. जून २०१८ मध्ये वेबड्रायव्हरला प्रमाणक म्हणून मान्यता मिळाली. कंपन्यांच्या सौजन्यावर चालणारी गोष्ट आता लेखी नियमांवर आली.

चौथ्या आवृत्तीने काय बदलले?

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीचा पाया हेच प्रमाणक आहे. तोवर सेलेनियमची स्वतःची जुनी बोली आणि प्रमाणकाची नवी भाषा असा दुहेरी व्यवहार चालत होता. चौथ्या आवृत्तीने जुनी बोली सोडून दिली. मधला दुभाष्या गेल्याने आज्ञा ब्राउझरपर्यंत सरळ पोहोचू लागल्या. कोणता ब्राउझर हवा, कशा मांडणीत हवा, हे सांगण्याची जुनी सैल पद्धतही मागे पडली आणि प्रत्येक ब्राउझरसाठी ठराविक ‘ऑप्शन्स’ देण्याची रीत आली.

‘या रकान्याच्या खालचा’, ‘त्या बटणाच्या डावीकडचा’ अशा माणसाच्या बोलण्याप्रमाणे पानावरील वस्तू शोधण्याची सोय याच आवृत्तीत मिळाली. एकाच वेळी अनेक संगणकांवर चाचण्या वाटून देणारा ‘ग्रिड’ हा भाग नव्याने बांधला गेला. आजचे संकेतस्थळ डझनभर ब्राउझर आणि शेकडो प्रकारच्या मोबाइलवर उघडते, हे लक्षात घेतले तर या वाटणीचे महत्त्व कळते. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅक या कंपनीचा व्यवसायच मुळी चाचणीसाठी असे निरनिराळे ब्राउझर आणि मोबाइल इंटरनेटवरून उपलब्ध करून देण्याचा आहे. तेथे सेलेनियमच्या चाचण्या चालवता येतात.

पायथन वापरणाऱ्यांना मात्र एका बदलाने चांगलेच सतावले. पानावरील वस्तू शोधण्यासाठी ‘फाइंड एलिमेंट बाय आयडी’, ‘फाइंड एलिमेंट बाय नेम’ अशा स्वतंत्र आज्ञा होत्या. चौथ्या आवृत्तीत त्यांच्यावर ‘लवकरच बंद’ अशी पाटी लागली आणि ‘फाइंड एलिमेंट’ ही एकच आज्ञा देऊन कंसात शोधण्याचा प्रकार सांगावा, असे ठरले. जून २०२२ मध्ये आलेल्या ४.३ या आवृत्तीत त्या जुन्या आज्ञा खरोखरच काढून टाकल्या गेल्या. शिकवणीच्या वह्यांत, जुन्या पुस्तकांत आणि इंटरनेटवरील असंख्य धड्यांत मात्र त्याच आज्ञा राहिल्या. नवखा विद्यार्थी धडा जसाच्या तसा उतरवून घेतो, संगणक चूक दाखवतो आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ असे त्याला वाटू लागते. खरे तर चूक त्याची नसते. धड्याची आवृत्ती वेगळी आणि संगणकातील आवृत्ती वेगळी असते.

येथे आकड्यांचाही एक धडा आहे. आवृत्तीच्या क्रमांकातील पहिला आकडा बदलला तर मोठा बदल आणि बिंदूनंतरचा बदलला तर किरकोळ बदल, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण वरील मोडतोड ४.३ मध्ये झाली, ५ मध्ये नव्हे. म्हणून केवळ आकडा पाहून निर्धास्त न होता प्रत्येक आवृत्तीसोबत येणारी बदलांची टिपणे वाचावीच लागतात.

क्रोमसारखे ब्राउझर दर काही आठवड्यांनी आपोआप अद्ययावत होतात. त्याच्या जोडीचा ड्रायव्हर मात्र टेस्टरला हाताने बदलावा लागे. त्यामुळे काल हिरव्या असलेल्या सर्व चाचण्या आज सकाळी एकाएकी लाल झाल्याचे दृश्य कार्यालयांना नवे नव्हते. नोव्हेंबर २०२२ मधील ४.६ आवृत्तीपासून ‘सेलेनियम मॅनेजर’ हा भाग योग्य ड्रायव्हर स्वतःच शोधून आणू लागला आणि ही डोकेदुखी बरीच कमी झाली. २०२३ मध्ये जावा ८ चा आधार काढून घेण्यात आला आणि किमान जावा ११ आवश्यक ठरले.

मराठी पानाची परीक्षा

इंग्रजी पानांसाठी लिहिलेले धडे मराठी संकेतस्थळाला लावताना आणखी काही अडचणी येतात आणि त्या कोणतीही नवी आवृत्ती आपोआप सोडवत नाही. समजा, चाचणीने पानावर ‘शेतकऱ्याचे नाव’ हे शब्द शोधायचे आहेत. यातील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते : एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखालील नुक्ता अशी दोन चिन्हे जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणक अक्षरामागील क्रमांक ताडून पाहतो. पान लिहिणाऱ्याने एक रूप वापरले आणि चाचणी लिहिणाऱ्याने दुसरे, तर डोळ्यांसमोर दिसणारे शब्द ‘सापडले नाहीत’ असा शेरा येतो. तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा मजकूर एकाच रूपात आणणे, हा यावरचा उपाय आहे.

आकड्यांचेही असेच. सातबारा एका पानावर देवनागरी आकड्यांत लिहिलेला असतो, तर दुसऱ्यावर इंग्रजी आकड्यांत. बटणावरील ‘पहा’ हा शब्द कोणी शुद्धलेखन सुधारून ‘पाहा’ असा केला, तरी त्या शब्दावर विसंबलेली चाचणी कोसळते. म्हणून बटण त्यावरील शब्दांनी न शोधता, पान घडवणाऱ्याने त्याला दिलेल्या कायमच्या ओळखीने शोधावे असे जाणकार सांगतात. मात्र नागरिकाला दिसणारे मराठी शब्द बरोबर आहेत की नाहीत, याची वेगळी चाचणी असलीच पाहिजे. नाहीतर बटण चालेल, पण त्यावर काय लिहिले आहे ते कोणाला कळणार नाही.

लाल दिवा कोणाचा?

चाचणी लाल झाली म्हणजे संकेतस्थळ बिघडले, असा घाईचा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात कारणे तीन असू शकतात. एक, संकेतस्थळात खरोखर दोष आहे. दोन, संकेतस्थळ हेतुपुरस्सर बदलले आहे आणि चाचणी जुनीच राहिली आहे. तीन, संकेतस्थळ आणि चाचणी दोन्ही ठीक आहेत, पण मधले साधन, म्हणजे सेलेनियम, ड्रायव्हर किंवा ब्राउझर, यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत नाहीत. या तिन्हींतील फरक ओळखणे हेच टेस्टरचे खरे कसब होय. दुकानदाराचा तराजू माल तोलतो. पण त्या तराजूचीही वैधमापन खात्याकडून पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसावा लागतो. माल कमी भरला तर दोष मालाचा की तराजूचा, हे आधी पाहिले जाते. येथेही तेच तारतम्य लागते.

सर्वात घातक असते ती चौथी परिस्थिती. रोज कारण नसताना लाल होणाऱ्या चाचण्यांना लोक सरावतात. ‘ती नेहमीच लाल असते’ म्हणून तिच्याकडे पाहणे सोडून देतात, नाहीतर ती बंदच करून टाकतात. मग एके दिवशी दोष खरा असतो आणि कोणी लक्ष देत नाही. त्याची किंमत सेवा केंद्रापुढे रांगेत उभा असलेला विद्यार्थी मोजतो.

शिकणाऱ्यांनी काय करावे?

महाड-पोलादपूरसारख्या भागातून या क्षेत्राकडे वळणाऱ्यांसाठी काही गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. कोणताही धडा घेताना तो कोणत्या आवृत्तीसाठी लिहिला आहे हे प्रथम पाहावे. आपल्या संगणकातील आवृत्तीचा क्रमांक प्रकल्पासोबत लिहून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या संगणकावर तोच परिणाम मिळतो. ‘लवकरच बंद’ ही सूचना दिसली की त्याच आठवड्यात त्यावर काम करावे. ती मिटवून पुढे जाऊ नये. मोठ्या आवृत्तीकडे जाताना सर्व चाचण्या एकदम न हलवता थोड्या थोड्या हलवाव्यात. नव्या आवृत्तीत चाचणी हिरवी झाली, तरी संकेतस्थळात मुद्दाम एखादी चूक घालून ती लाल होते का, हेही एकदा पाहावे. चूक असूनही जी लाल होत नाही, ती चाचणी नव्हेच.

आज सेलेनियमला प्रतिस्पर्धीही पुष्कळ आहेत. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेले ‘प्लेराइट’ त्यांपैकी एक. उद्या आणखी एखादे येईल आणि आज शिकलेल्या आज्ञा जुन्या होतील. परंतु अर्ज भरणारा माणूस कुठे अडखळेल याचा आधीच विचार करणे, नेमका प्रश्न विचारणे आणि उत्तर चुकले तर दोष कोणाचा हे शांतपणे शोधणे, ही कला कोणत्याही आवृत्तीत बाद होत नाही. निकालानंतरच्या गर्दीत, नेटवर्कची एक कांडी आली-गेली असताना अर्ज भरणे म्हणजे काय, हे ज्याने स्वतः अनुभवले आहे, त्याला यातील पहिला प्रश्न तरी कोणी शिकवावा लागणार नाही.

चौकट : आवृत्त्यांचा प्रवास

२००४ – शिकागोत जेसन हगिन्स यांच्याकडून सेलेनियमची सुरुवात.
२००६ – नोंदवून पुन्हा चालवण्याचे ‘सेलेनियम आयडीई’ परिवारात दाखल.
२००९ – सेलेनियम आणि वेबड्रायव्हर एकत्र करण्याचा निर्णय.
जुलै २०११ – दुसरी आवृत्ती. जुनी आणि नवी पद्धत एकत्र.
ऑक्टोबर २०१६ – तिसरी आवृत्ती. जुन्या पद्धतीचा गाभा काढला.
जून २०१८ – वेबड्रायव्हरला जागतिक प्रमाणक म्हणून मान्यता.
ऑक्टोबर २०२१ – चौथी आवृत्ती. केवळ प्रमाणकाची भाषा.
जून २०२२ – ४.३, पायथनमधील शोधाच्या जुन्या आज्ञा बंद.
नोव्हेंबर २०२२ – ४.६, ड्रायव्हर आपोआप आणणारा ‘सेलेनियम मॅनेजर’.